मदत हवी आहे : क्षमा केल्यानंतर तक्रार करावी का?

कार्यालयातील एक सहकारी माझे काम वरिष्ठांपुढे स्वतःच्या नावावर खपवतात. बायबलमधील मत्तय 18:15 या वचनानुसार मी त्यांच्याशी एकांतात स्पष्ट बोललो. त्यांनी ऐकून घेतले, पण पुढच्याच अहवालावरून माझे नाव पुन्हा वगळले. त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो आणि मनात सूडभावना खरोखरच उरलेली नाही. पुढचे वचन एकदोघांना सोबत नेण्यास सांगते. मात्र ते मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, बंधूविषयी आहे आणि हे सहकारी ख्रिस्ती नाहीत. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) धीर धरण्यास सांगितले, जे मान्य असले तरी मला अपुरे वाटते. नोकरी बदलणे सध्या शक्य नाही. अशा वेळी वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली, तर केलेली क्षमा मागे घेतल्यासारखे होईल का?