मदत हवी आहे : मुलाखतीत सहृदयता दाखवायची कशी?

नमस्कार. माझी मुलगी इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या अभ्यासक्रमाच्या, शेवटच्या वर्षाला असून जानेवारीत तिची वैद्यकीय प्रवेशासाठी एमएमआय, म्हणजे काही मिनिटांच्या अनेक टप्प्यांची, मुलाखत आहे. आमच्या वेळी गुणांवरच प्रवेश मिळत असल्याने माझा अनुभव शून्य. सरावात ‘मी सहृदय आहे’ असे ती पाठ केल्यासारखे म्हणते. मात्र वृद्धाश्रमात सेवा करताना, चहाला नको म्हणणाऱ्या आजींना कप जड होतो हे ओळखून तिने तो अर्धाच भरून दिला, हा प्रसंग क्षुल्लक वाटून ती वगळते. असे प्रसंग किती तपशिलाने सांगावेत, आणि रुग्णाच्या भूमिकेत नट समोर असताना बोलावे किती, ऐकावे किती, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.