डीपीची घूं, खंजिरी आणि बीटल्स: असा अल्बम गावात कोण ऐकणार?

सरकी:
गावासाठी अर्ध्या तासाचा, सहा गाण्यांचा अल्बम करायचा विचार आहे. माल आपलाच: खंजिरीची दोन भजनं, एक भुलाबाईचं गाणं, एक दंडार (लोकनाट्यातलं गाणं), पोळ्याला बैल तोरणाखाली असताना म्हणतात त्या झडत्या आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गनवर रंगतं तसं एक पद. तंत्र मात्र युरोप-अमेरिकेतल्या शास्त्रीय प्रयोगवाल्यांचं. पिएर शेफेरने १९४८ साली पॅरिस रेडिओत बसून रेल्वे इंजिनांच्या आवाजाची रचना केली. तबकडीवर बंद खाच पाडायची, म्हणजे तोच तुकडा गोल गोल फिरतो. बीटल्सनी हे लोकांच्या गाण्यात आणलं. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या शेवटच्या गाण्यात टेपची पाच वेटोळी एकाच वेळी वेगवेगळ्या यंत्रांवर फिरत होती. टेप ताणलेली राहावी म्हणून माणसं पेन्सिली धरून उभी होती. तरी ते गाणं आजही लोक आवडीनं ऐकतात, कारण खालचा ठेका हलत नाही आणि मूळ स्वर तंबोऱ्यासारखा एकच धरलेला आहे. त्यावर मग काहीही चालतं.

आपल्या भजनात ठेका आणि धरलेला स्वर दोन्ही आधीपासूनच आहेत. म्हणून माझं म्हणणं: चाल आणि ठेक्याला हात लावायचा नाही, बाकी सगळं मोकळं. पहिल्या भजनाचा षड्ज डीपीच्या, म्हणजे गावच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, घूंवर लावायचा, आणि दुसऱ्यात खंजिरीचं एक आवर्तन स्वतःपासूनच हळूहळू सरकवायचं. बोला.

रुमणं:
काहून करून राहिले भाऊ हे? डीपी ऐकाले अल्बम कायले लागते, वावरात झोपलं का रातभर फुकट ऐकू येते.

शेफेरचं नाव घेतलं तर पुरं घ्या ना बाप्पा. पुरी जिनगानी आवाजाच्या मांगं घालवली अन् १९८६ च्या मुलाखतीत तोच कबूल झाला का सारेगमच्या बाहेर काही होत नाही. ज्यानं दुकान उघडलं त्यानंच कुलूप लावलं, अन् आपण तिथं उधारी मागाले चाललो. बीटल्सचंही अर्धंच सांगतलं तुम्ही. त्याइनंच १९६८ साली आठ मिनिट बावीस सेकंदाचा नुसता वेटोळ्याईचा तुकडा अल्बमात घातला. ना चाल, ना ठेका. ज्याच्या घरी तो अल्बम हाय, त्याले इचारा शेवटपर्यंत कितीदा ऐकला म्हणून.

खंजिरीचं भजन कायच्यासाठी हाय? तुकडोजी महाराजांनी ते गाव जागं कराले वापरलं. त्यात शब्द सगळ्यात वर. तुमचं आवर्तन सरकलं का शब्दाचा चिवडा होते.

पांढरी पाच:
रुमणं भाऊंच्या शब्दाच्या मुद्द्याकडे नंतर येतो. आधी डीपीचं बघू, कारण तिथे सरळ चूक होणार आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून घूं येते ती १०० हर्ट्झची, आणि तिच्या वर २००, ३००, ४०० चे पदर. पेटीवर मंद्रातली पांढरी पाच ९८ ला आहे. म्हणजे डीपी पांढरी पाचच्या किंचित वर, अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी चढी. दोन्ही सोबत वाजवले की खालच्या स्वरात सेकंदाला दोन आणि मधल्या सप्तकात (१९६ विरुद्ध २००) चार हेलकावे येतात. ऐकणाऱ्याला वाटतं पेटी बेसूर आहे.

यावर कुणी पेटी चढवायला जाईल. तसं करू नका. रीडचं टोक घासलं की सूर चढतो खरा, पण घासलेलं पितळ परत येत नाही. टोकावर मोहरीएवढं मेण लावून सूर उतरवता येतो आणि ते काढताही येतं, पण आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. त्यापेक्षा डीपीचं रेकॉर्डिंगच दोन टक्के मंद करा: १०० चे ९८, २०० चे १९६, सगळे पदर आपोआप जागेवर. ग्रिडची वारंवारता दिवसभरात थोडी वरखाली होत असते, म्हणून आधी मोजा, मगच टक्का ठरवा.

हे सगळं करूनही माझं मत विरोधातच. तंबोऱ्याच्या तारेत जव, म्हणजे झणझणती गुंज, असते, स्वर सुटतो, विरतो, पुन्हा येतो. डीपी मेल्यासारखी एकसारखी आहे. चार मिनिटांत कान तिला बाद करतो, आणि मग ती नसल्यासारखीच.

कोजागिरी:
दादा, कान बाद करतो हाच तर त्या प्रयोगवाल्यांचा डाव आहे. कान एका गोष्टीला सरावला की बारीक बदलही मोठा वाटतो.

मी भुलाबाईच्या गाण्याची बाजू मांडते, कारण तिथे तंत्र बाहेरून आणायचंच नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर म्हटली जाणारी ही गाणी. त्यातली कितीतरी साखळीची: सून माहेरी जायचं विचारते, सासू सासऱ्याकडे बोट दाखवते, सासरा दिराकडे, दीर नणंदेकडे. चाल तीच, ओळीत एकेक नातं वाढत जातं. आता अमेरिकन रचनाकार फिलिप ग्लास बघा. १९६५-६६ च्या सुमारास पॅरिसात रविशंकरांच्या सिनेमा-संगीताचं पाश्चात्त्य लिपीत लेखन करताना त्याला उमगलं की लहान तुकड्याला तुकडा जोडत ताल लांबवता येतो. त्यातून त्याची रचनेची रीत निघाली: एक, मग एक-दोन, मग एक-दोन-तीन. आपल्या पोरी टिपऱ्या घेऊन दुसरं काय करतात?

करायचं ते असं. पहिल्या कडव्यात फक्त दोन मात्रांची ओळ, एक आवाज. प्रत्येक नात्याला दोन मात्रा आणि एक आवाज वाढवायचा. आठव्या कडव्यात सोळा मात्रा, आठ आवाज. टिपरी मात्र पहिल्यापासून दर दोन मात्रांनी, जराही न बदलता. पोरी एक चूक हमखास करतील: ओळ लांबली की श्वास पुरत नाही म्हणून लय वाढवतील. म्हणून सहाव्या कडव्यापासून दोन गट करा, एक गट श्वास घेईल तेव्हा दुसरा म्हणेल. क्लिक (लयीची यांत्रिक टिकटिक) कानात देऊ नका, त्याने आवाज लाकडासारखे होतात. टिपरीवाली एकटी क्लिक ऐकेल, बाकीच्या टिपरी ऐकतील.

रुमणं:
ताई, हे पटलं. पण मंग यात प्रयोग कुठं हाय? हे तर भुलाबाईचंच गाणं झालं.

कोजागिरी:
मग तक्रार कशाची?

बेस-टॉप:
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या. हे वाजणार कशावर ते कुणीच बोलत नाही.

गावात दोन जागी वाजेल: फोनवर आणि मंडपात. फोनच्या स्पीकरमध्ये २०० च्या खाली फारसं काही येत नाही. म्हणजे पांढरी पाच दादांनी दोन टक्के उतरवलेली १०० ची घूं फोनवर ऐकूच येणार नाही, वरचे पदर तेवढे येतील. ते जपा. २००, ३००, ४०० शाबूत असले तर खालचा स्वर कान आपणच भरून काढतो. मंडपात मात्र उलटी गत. चार बेसवर १०० ची घूं सुरू झाली की साउंडवाला गाणं ऐकणार नाही, तो अर्थिंग तपासायला पळेल. आणि त्याचं बरोबरच असेल.

दुसरं, मंडपातला साउंड बहुतेक ठिकाणी मोनो. डावीकडे एक खंजिरी, उजवीकडे सरकलेली दुसरी, ही मजा तिथे नाही. दोन्ही एकाच ढिगात. म्हणून सरकवायचं माप नीट घ्या. समजा आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांचं. दुसरी प्रत ५ मिलिसेकंदांनी लहान केली तर पहिली तीन-चार आवर्तनं खंजिरी नळीतून वाजल्यासारखी पोकळ येईल, आणि मोनोत ते बिघाडच वाटतं. ४० मिलिसेकंदांनी लहान करा. लगेच दुहेरी टोला ऐकू येतो, सहाव्या आवर्तनाला अर्धी मात्रा सरकते आणि दुगुन केल्यासारखं वाटतं, बारा-तेरा आवर्तनांत पूर्ण एक मात्रा. म्हणजे पन्नास सेकंद. शंभर आवर्तनांनी पुन्हा जुळेल, पण पावणेसात मिनिटं कोण बसतंय.

लहान करायचं म्हणजे वेग वाढवायचा नाही! एक टक्का वेग वाढला की कातडं तेवढं चढं बोलतं आणि दोन खंजिऱ्या दोन सुरांत जातात. शेवटच्या ठोक्यानंतरची शांतता ४० मिलिसेकंद कापा, बस.

सरकी:
हे कामाचं बोललात. अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राइशने १९६५ ला दोन टेप यंत्रांवर एका प्रवचनकाराचा आवाज असाच सरकवला होता, तिथे यंत्रांचा वेग मुळातच किंचित वेगळा. पुढे १९७२ मध्ये त्याने नुसत्या टाळ्यांची रचना केली, त्यात हळूहळू सरकणं काढूनच टाकलं. बारा ठोक्यांचा नमुना, एक जण तो तसाच वाजवतो, दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर एकदम एक ठोका पुढे उडी मारतो. भजनी मंडळाला हेच बरं जमेल.

रुमणं भाऊंच्या शब्दाच्या मुद्द्यावर: सरकवणं फक्त दोन कडव्यांच्या मधे. शब्द सुरू व्हायच्या आधी दुसरी प्रत बंद.

झाडीकर:
दोन्ही बाजूंना एक आठवण करून देतो. अमेरिकन रचनाकार जॉन केजने १९४० मध्ये पियानोच्या तारांमध्ये बोल्ट-स्क्रू अडकवले, कारण रंगमंच लहान होता, तालवाद्यांचा ताफा मावत नव्हता. त्याचं केवढं कौतुक झालं. आपला मृदंगवाला धुमेवर, म्हणजे खर्जाच्या तोंडावर, कणीक थापतो तेव्हा तो काय करतो? वाद्याच्या अंगावर परकी वस्तू चिकटवून त्याचा आवाज बदलतो आणि कार्यक्रम झाला की खरवडून काढतो. कणीक सैल झाली तर थापेगणिक सरकते, घट्ट झाली तर कडा सुटतात आणि पुडी टणटण बोलते. मळताना पाणी बेताबेतानं घालायचं, आणि रात्रभराच्या खेळात मधे दोनदा ओला हात फिरवायचा. म्हणून ‘परकं तंत्र’ या शब्दावर जास्त भांडू नका.

माझा विरोध दुसऱ्याच जागी आहे: त्या ऑर्गनच्या पदात तुम्ही काय घुसवणार, ते लिहिलंच नाही. झाडीपट्टीचा प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर बसतो आणि पहाटे घरी जातो. तो अडाणी नाही, त्याची भूक मोठी आहे. त्याला पद तुटलेलं चालत नाही.

सरकी:
पद तोडायचं नाही. पदाच्या शेवटी एक चढण आहे. बीटल्सनी १९६७ मध्ये चाळीस वादक बसवले आणि सांगितलं: चोवीस बारमध्ये (बार म्हणजे त्यांचं आवर्तन) तुमच्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वरच्या स्वराकडे जा, शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका. तसं बारा गळ्यांनी मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत, केरव्याच्या चोवीस आवर्तनांत. वर पोचल्यावर ऑर्गनचा एकच स्वर.

पांढरी पाच:
होणार नाही. आपली माणसं शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय गाऊच शकत नाहीत, भजन शिकवतंच ते. सातव्या-आठव्या आवर्तनात सगळे मधल्या षड्जावर गोळा होतील आणि तिथेच ठिय्या देतील. स्वर ओळखीचा लागला की गळा तो सोडत नाही.

करायचंच तर चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाला वेगळं वेळापत्रक: एकाला सहाव्या आवर्तनाला मधला सा, दुसऱ्याला दहाव्याला, तिसऱ्याला चौदाव्याला, आणि शेवटच्या दोन आवर्तनांत सगळ्यांनी वर. बाराही जणांना एका खोलीत बसवू नका. तीन-तीनचे चार गट, गट वेगळे रेकॉर्ड करा, कानात फक्त ठेका. आणि ज्यांचा तार सा लागत नाही त्यांना मधल्या सा वर थांबू द्या. ओरडले तर सगळी चढण किंकाळी होईल.

रुमणं:
म्हंजे बारा माणसाईले येगयेगळं बसवून, एकमेकाचं ऐकू नका म्हणून सांगाचं, अन् त्याले भजनाच्या गावचा अल्बम म्हणाचं. मी तर म्हणतो ही चढणच काढा. भुलाबाई ठेवा, टाळ्याईची उडी ठेवा, मृदंग हायच. डीपी काढा.

झाडीकर:
चढणीला माझीही ना आहे, पण कारण साधं: पदाचा शेवट समेवर येतो, ऐकणारा टाळी तिथे देतो. त्यानंतर दीड मिनिट गोंगाट म्हणजे टाळी परत मागितल्यासारखं.

सरकी:
चढण पदातून काढून झडत्यांच्या आधी टाकतो. बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा गलका असतोच, तिथे ती खपेल. डीपी मात्र ठेवणार. कुंपणाबाहेर दहा-पंधरा फुटांवरून, रात्री, वारा नसताना. आत कुणी जायचं नाही, कुंपणालाही हात नाही. फोनचं आवाज आपोआप वाढवणं-कमी करणं बंद करायचं, नाहीतर कुत्रं भुंकलं की घूं दबते आणि मग फुगत फुगत परत येते.

बेस-टॉप:
घेताना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे बारा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तुकडा कापताना लाटेच्या शून्यावर कापा आणि दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा उतार द्या, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला टक् येईल. जुनी कॅसेट वापरणार असाल तर टेप तिरकी, ४५ अंशांत कापा. सरळ कापली तर सांधा ऐकू येतो. साधी चिकटपट्टी लावू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरून हेडला बसतो.

आणि मंडपासाठी वेगळी फाईल करा, १२० च्या खालचं सगळं कापून. डीपीवाल्या गाण्याच्या आधी साउंडवाल्याला सांगून ठेवा की ही घूं गाण्यातलीच आहे. नाहीतर पहिल्या दहा सेकंदांतच तो फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढेल.