मॉडेल चित्रापुरतं नसतं

बीआयएम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीचं माहितीसकट संगणकावर केलेलं मॉडेल) म्हणजे ग्राहकाला दाखवायचं देखणं थ्रीडी चित्र, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. मॉडेलमधली भिंत नुसती रेघ नसते. तिची जाडी, साहित्य, ती उष्णता किती आत येऊ देते, सगळं तिच्यासोबत असतं. एसीची हवा नेणारा डक्ट बीममधून आरपार जातोय, हे स्लॅब भरण्याआधीच स्क्रीनवर दिसतं. नाहीतर साइटवर कोअर कटर लावून बीमला भोक पाडणं आलं, आणि त्यात सळई कापली गेली की बीमची ताकद गेलीच. इमारतीला किती ऊर्जा लागेल याचं गणित मात्र एनर्जीप्लससारख्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी सुरुवातीलाच करा. पश्चिमेची काच कमी करणं, इमारतीची दिशा फिरवणं तेव्हाच जमतं. प्लॅन मंजूर झाल्यावर बहुतेकदा एसीची क्षमता वाढवणंच हातात उरतं.