‘करुणेचा थकवा’ म्हणावं का?

प्रश्न
आमच्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर आणि मावशींसाठी एक पानाचं मराठी पत्रक करते आहे. ‘कम्पॅशन फटीग’ला, म्हणजे दुसऱ्यांचं दुखणं रोज पाहून मन थकून जाण्याला, कुणीतरी ‘करुणेचा थकवा’ सुचवलंय. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाही. ‘बर्नआउट’चंही अडलंय. ‘अतिश्रम’ लिहिलं तर दोन दिवस रजा टाकली की झालं, असं वाटतं.

उत्तर
‘अतिश्रम’ नकोच. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला, तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांची दशा पाहून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं नोंदवली: शीण, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ‘अतिश्रम’मध्ये फक्त पहिलं येतं. दुसऱ्याला आपल्याकडे ‘मन विटलं’ म्हणतात. तिन्ही मिळून मला ‘करपणं’ जवळचं वाटतं. पावसाने ओढ दिली की पीक करपतं, आणि त्यात पिकाचा दोष नसतो.

उत्तर
मी मेडिकल वॉर्डात काम करते. मला माझं विटलेपण शब्दावरून कळलं. आधी मी ‘आजींचं सलाइन संपत आलंय’ म्हणायचे, मग ‘बारा नंबरचं संपलंय’ म्हणायला लागले. एका नाइटला बारा नंबर गेल्या आणि मी रजिस्टरमध्ये वेळ लिहून पुढच्या खाटेकडे वळले. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. सकाळी चार्ज देताना आवाज फुटेना. समोरच्या सिस्टरने माझ्या हातातलं रजिस्टर काढून घेतलं आणि म्हणाली, “जा, चहा पिऊन ये. बाकीचं मी बघते.” त्या दिवशी मी घरी जाऊन रडले, आणि बरं वाटलं. तिने केलं त्याला कोणता शब्द?

उत्तर
करुणा. आणि म्हणूनच ‘करुणेचा थकवा’ चुकीचं आहे.

आपल्याकडे या घराण्यातले शब्द बरेच आहेत आणि आपण ते सरमिसळ वापरतो. कीव वरून खाली येते. दयेतही देणारा थोडा वरच असतो. ‘अनुकंपा’ मुळात फार सुंदर, दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कापणं. पण सरकारी दवाखान्यात तो शब्द उच्चारला की लोकांना बापाच्या जागी लागलेली नोकरी आठवते. कळवळा म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या पोटात उठणं. करुणेत ते दुखणं दिसतं, आणि ते हलकं व्हावं म्हणून हात पुढे होतो.

रोज आठ तास, वर्षानुवर्षं माणूस थकतो तो कळवळ्याने. लायपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी हा फरक तपासला. लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख आपलंसं करायला शिकवलं, तर त्यांचं स्वतःचं मन जड झालं. मग त्यांनाच करुणेचा सराव दिला, तेव्हा ते जडपण उतरलं आणि मनाला उभारी आली. पाली भाषेतल्या बौद्ध परंपरेला हे आधीच ठाऊक होतं. तिथे करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य, तर जवळचा शत्रू शोक मानला आहे. जवळचा, कारण तो करुणेसारखाच दिसतो.

त्याच परंपरेत मनाचे चार उदात्त भाव सांगितले आहेत, त्यांना ब्रह्मविहार म्हणतात. करुणा त्यांतलीच एक, आणि ‘उपेक्षा’ही. तिथे तिचा अर्थ समतोल मन. मराठीत मात्र तिचा अर्थ दुर्लक्ष झाला. ‘बारा नंबर’ ही मराठीतली उपेक्षा.

उत्तर
एक भर घालते. चाळीस खाटांना एकच सिस्टर ठेवायची आणि तिला करुणेचा वर्ग घ्यायला लावायचं, हे पत्रकातून सुचू देऊ नका. माणसं वाढवणं हे वेगळं काम आहे आणि तेही झालंच पाहिजे.

प्रश्नकर्ती
मग ‘कम्पॅशन फटीग’ला ‘कळवळ्याचा शीण’ लिहिते. ‘बर्नआउट’ तसंच ठेवून पुढे ‘मन करपणं’ देते. ‘सेल्फ-कम्पॅशन’ला आलेलं ‘आत्मकरुणा’ मात्र काढलं. मावशींना ते स्वतःची कीव करण्यासारखं वाटलं. त्याऐवजी काय, असं विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, “पेशंटला सुट्टी देताना आपण म्हणतो ना, जिवाला जपा. तेच लिहा.” तेच लिहिलंय.