‘मन्मथ’ हे नाव शिवभक्ताच्या घरात कसे?

लातूरकर: मुलाचे नाव मन्मथ ठेवणाऱ्यांनी एकदा अमरकोश उघडावा. ‘मदनो मन्मथो मारः’. म्हणजे सरळ कामदेव. महादेवाने ज्याला जाळून भस्म केले, त्याचेच नाव गळ्यात इष्टलिंग घातलेल्या लिंगायत लेकराला? अर्थ न बघता नावे ठेवणे बंद करा.

दिंडीकर, बीड: कोशातली एक ओळ वाचून अख्ख्या मुलखाला शहाणपण शिकवू नका. आपल्याकडे हे नाव कोशातून नाही, कपिलधारहून आलंय. तिथं समाधी असलेले लिंगायत संतकवी मन्मथस्वामी यांनी सोळाव्या शतकात ‘परमरहस्य’ मराठी ओवीत लिहिलं. गावोगाव सप्ताहात त्याचं पारायण चालतं. कार्तिकी पौर्णिमेला पायी दिंड्या निघतात त्या त्यांच्या समाधीला. नामदेव, तुकाराम ही नावं ठेवताना कोणी कोश चाळतं का? मन्मथअप्पा म्हटलं की लोकांना स्वामी आठवतात, मदन नाही.

लातूरकर: मग स्वामींना हे नाव कुठून मिळाले? प्रश्न चारशे वर्षे मागे ढकललात, उत्तर दिले नाही.

पंचांगी, परभणी: संवत्सर, म्हणजे पंचांगातले वर्षाचे नाव, बघा की. साठ नावांच्या चक्रातले एकोणतिसावे मन्मथ. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी २९ उरली की मन्मथ संवत्सर. शके १९३७, म्हणजे २०१५-१६, तेच होते. त्याआधी शके १८७७. रांग अशी आहे: नंदन, विजय, जय, मन्मथ. पहिली तीन नावे घरोघर चालतात, चौथ्यालाच हरकत का?

दिंडीकर, बीड: हिशोब बरोबर. पण मग हे नाव साठ वर्षांतून एकदाच दिसायला हवं होतं. ते बीड-लातूर पट्ट्यात, तेही लिंगायत घरांतच का सापडतं? पंचांग तर सगळ्यांच्याच घरी आहे.

शब्दवेडा: लातूरकर, कोश काढलाच आहे तर पुरता वाचा. त्याच अमरकोशात वनौषधिवर्गात मन्मथ म्हणजे कवठ. भागवतात कृष्णाला ‘साक्षान्मन्मथमन्मथः’ म्हटले आहे. आणि ‘मन घुसळणारा’ ही फोडसुद्धा सरळ नाही. मनस् आणि मथ यांचा संधी ‘मनोमथ’ व्हायला हवा. म्हणून काही जण हे रूप ‘मथ्’ धातूच्या द्वित्वातून, म्हणजे धातू दुहेरी होऊन, लावतात, जोराने घुसळणारा असे. कामदेव हा रूढ अर्थ आहे, एकमेव नाही.

दप्तरी, नांदेड: अर्थावर भांडण्याआधी नाव लिहायचं कसं ते ठरवा. खरं नुकसान तिथं होतंय. १९५४-५५ च्या खासरा पाहणीत, म्हणजे जुन्या जमीन-नोंदीत, आजोबा ‘मनमत’, शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात ‘मनमथ’, आधारवर ‘मन्मथ’. ओबीसी जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि वंशावळ तिथंच अडते. कारण निजामी दप्तर उर्दूत. उर्दूत ‘थ’ म्हणजे ‘ते’ आणि ‘दोचश्मी हे’ ही दोन अक्षरं. घाईच्या शिकस्ता लिपीत ‘दोचश्मी हे’ गळालं की ‘त’च वाचला जातो. अर्धा न की पूर्ण न, हे तर उर्दू लिखाणात बहुधा कळतच नाही.

गावठाण: उर्दूवर खापर कशाला? आमच्याकडं बोलतातच ‘मनमत’. मनाचं मत, असा सरळ मराठी अर्थ. तुमचं संस्कृत नंतर चिकटवलेलं.

शब्दवेडा: नंतर चिकटवलेले? स्वामींची नाममुद्रा, म्हणजे रचनेत येणारी सहीच, ‘मन्मथ’ आहे. बोलताना जोडाक्षर फुटते आणि शेवटचा थ हलका पडतो, एवढेच झाले आहे. ‘मनाचं मत’ ही फोड तुम्ही आत्ता घडवलीत.

गावठाण: म्हणजे लोक बोलतात ते चूक आणि पोथी बरोबर! हाच माज नडतो.

दप्तरी, नांदेड: भांडा. पण राजपत्रात नाव बदलून मेलेल्या आजोबाचं नाव दुरुस्त होत नाही, हे आधी समजून घ्या. राजपत्र ज्यानं अर्ज केला त्याच्यापुरतं. सातबाऱ्यावरच्या हस्तदोषाला, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीला, महसूल अधिनियम १९६६ चं कलम १५५. तहसीलदाराकडं अर्ज द्या, सोबत मूळ उर्दू नोंदीची नक्कल आणि भाषांतर जोडा. नुसतं भाषांतर दिलं की अर्ज परत येतो, कारण ताडून बघायला मूळ अक्षरच समोर नसतं.

लातूरकर: धागा तहसीलला पोहोचला! स्वामींच्या नावावरून ठेवतात हे मान्य, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. पण स्वामींना ते का मिळाले, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

दिंडीकर, बीड: कधीच नव्हता? ‘बंद करा’ कोणी लिहिलं होतं? स्वामींचं नाव ‘मन्मथ शिवलिंग’ असं जोडीनं घेतात. मला त्यात विरोध नाही, शरणागती दिसते: मन घुसळणारा तोच लिंगापाशी स्थिरावला.

लातूरकर: हा तुमचा भाव झाला, पुरावा नव्हे.

दप्तरी, नांदेड: नवीन बाळाची जन्मनोंद करणाऱ्यांसाठी: अर्धा न, शेवटी थ. इंग्रजीत एम-ए-एन-एम-ए-टी-एच, पुढं ए लावू नका, नाहीतर ‘मन्मथा’ होतं. आणि प्रमाणपत्र हातात पडलं की खिडकीवरून हलायच्या आधी दोन्ही लिप्यांतलं नाव वाचून घ्या.