मदत हवी आहे: ख्रिस्ती कीर्तन कसं बसवायचं?

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या तरुण संघाकडे नाताळच्या आठवड्यातला एक कार्यक्रम आलाय. बायबलमधल्या मत्तय २८ मधली 'जा आणि शिष्य करा' ही आज्ञा विषय म्हणून दिली आहे. दरवर्षी आम्ही पत्रकं वाटतो, लोक घडी घालून खिशात ठेवतात, संपलं. यंदा कीर्तन करावं असं मनात आहे.

कल्पना आमची नाही. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ख्रिस्तपुराण (बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य) छापलं ते ओव्यांमध्ये. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी भजन-कीर्तनातूनच प्रभूची ओळख करून दिली. आपल्या माणसाला आपल्या चालीत सांगितलं की तो निदान बसून ऐकतो, असं मला वाटतं. (पाळकसाहेबांना अजून पटलेलं नाही, टाळ बघून ते जरा दचकले.)

आख्यानाला, म्हणजे उत्तरार्धातल्या कथेला, येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला घेतोय. अडलंय ते पूर्वरंगात, म्हणजे अभंग घेऊन विवेचन करायच्या पहिल्या भागात. निरूपणासाठी टिळकांचा कोणता अभंग घ्यावा? आमच्याकडे पेटी आणि तबला आहे, मृदंग वाजवणारा कुणी नाही, चालेल का? ऐकायला शेजारचे हिंदू, मुसलमानही येतात, तेव्हा कुणाच्या श्रद्धेला टोचणारं एक वाक्यही नको आहे.

अहिल्यानगर, जालना भागात कुणी अशी कीर्तनं केली किंवा ऐकली असतील तर कृपया सांगा. जुनं रेकॉर्डिंग असेल तर फारच उत्तम.