सायकल सहलीत सपोर्ट गाडी असली तरी डिरेलर हँगर स्वतःचा न्या
'सायकल सहलीत सोबत सामान आणि मेकॅनिक असलेली सपोर्ट गाडी आहे, मग टूलकिट कशाला?' असा प्रश्न पडू शकतो. गाडी पहिल्या आणि शेवटच्या सायकलस्वारामध्ये फिरत असते, तुमच्यापर्यंत पोचायला तासही लागू शकतो. म्हणून २ ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप आणि मल्टीटूल सायकलवरच हवं. सुटा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्याने फ्रेमला जोडलेला असतो तो छोटा धातूचा तुकडा) मात्र नक्की घ्या, हे कळकळीने सांगतोय. फ्रेमप्रमाणे तो बदलतो, त्यामुळे मेकॅनिककडे तुमचा असेलच असं नाही. सायकल गाडीवर चढवता-उतरवताना उजव्या अंगावर पडली की आधी तोच वाकतो. मग चढावर सर्वात हलका गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जाऊन चाकासकट मोडू शकतो. रोज निघण्यापूर्वी सगळे गिअर फिरवून बघा. रेनकोट जवळच ठेवा, मोठी बॅग बहुधा थेट मुक्कामी जाते.